अणुवीज केंद्रांतील आगनिवारण व आपत्कालीन प्रकाशव्यवस्था

अणुवीज केंद्रात आग लागू नये, लागल्यास ती त्वरित कळावी व विझवता यावी आणि ती जळत असतानाही विक्रियक (अणुभट्टी) बंद करून थंड राखता यावा, यांसाठी केलेल्या तरतुदींना अणुवीज केंद्राची आगनिवारण व्यवस्था म्हणतात. नेहमीचा विद्युत् पुरवठा बंद पडला असता आपोआप लागणारे दिवे, म्हणजेच आपत्कालीन प्रकाशव्यवस्था, हा या तरतुदींचाच एक भाग होय.

चित्रपटगृह, रुग्णालय, कार्यालय यांसारख्या सर्वसाधारण इमारतींतील आपत्कालीन दिव्यांचा मुख्य हेतू माणसांना सुखरूप बाहेर पडता यावे एवढाच असतो. त्यामुळे ते थोडा वेळ टिकले तरी भागते. उदा., अमेरिकेत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीवितसुरक्षा संहितेत ही मर्यादा ९० मिनिटे धरलेली आहे. अणुवीज केंद्रातील परिस्थिती याहून मूलत: वेगळी असते. तेथे आग लागली, तरी काही कर्मचाऱ्यांना इमारतीतच थांबून किंवा बाहेरून पुन्हा आत जाऊन झडपा उघडणे, पंप चालू करणे, मापकांवरील नोंदी वाचणे अशी कामे कित्येक तास करावी लागतात. म्हणजे येथील दिवे पळून जाण्यासाठी नसून थांबून काम करता यावे यासाठी असतात. अणुवीज केंद्रांच्या आगनिवारणविषयक नियमांतील पुष्कळशा वैशिष्ट्यांचे मूळ या फरकात आहे.

अवशिष्ट उष्णता : औष्णिक वीज केंद्रात इंधनाचा पुरवठा तोडला की बाष्पित्र हळूहळू थंड होते. विक्रियकाचे तसे नसते. नियंत्रक गज आत सोडल्यावर अणुकेंद्रांच्या भंजनाची साखळी काही सेकंदांतच थांबते. पण भंजनातून निर्माण झालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा क्षय चालूच राहतो व त्यातून उष्णता बाहेर पडते. विक्रियक बंद केल्याक्षणी ही अवशिष्ट उष्णता पूर्ण क्षमतेच्या सु. ६ ते ७ टक्के असते. एका तासानंतर ती सु. दीड टक्का आणि एका दिवसानंतर सु. अर्धा टक्का एवढी कमी होते. सु. ३,३०० मेगॅवॉट औष्णिक क्षमतेच्या विक्रियकाच्या बाबतीत एका तासानंतरचे हे प्रमाण सु. ५० मेगॅवॉट होते. ही उष्णता वाहून नेणारे पाणी गाभ्याला मिळाले नाही, तर इंधन उघडे पडून वितळू शकते. म्हणून आगीच्या काळातही निदान एक पंप, त्याला लागणारी वीज, तिचे नियंत्रण करणाऱ्या केबली आणि हे सर्व चालविणारी माणसे यांचे कार्य अखंड चालू राहावे लागते.

आगीची कारणे व स्वरूप : विक्रियकातील इंधन युरेनियम ऑक्साइडाच्या गोट्यांच्या रूपात असते व नेहमीच्या अर्थाने ते ज्वालाग्राही नसते. आगीचा धोका मुख्यत: इतर द्रव्यांपासून असतो. टरबाइन व मोठे पंप यांच्या वंगणासाठी लागणारे तेल, जनित्र थंड ठेवण्यासाठी वापरण्यात येणारा हायड्रोजन वायू, रोहित्रांतील तेल, डीझेल जनित्रांचे इंधन आणि केबलींवरील प्लॅस्टिकाची आवरणे ही द्रव्ये त्यांत प्रमुख होत. यांखेरीज दुरुस्तीच्या काळात वितळजोडकाम (वेल्डिंग), चिंध्या, लाकडी मचाणे व रंगद्रव्ये यांमुळेही आगी लागतात. द्रवरूप सोडियम शीतक म्हणून वापरणाऱ्या विक्रियकांत सोडियमाच्या आगीचा वेगळा धोका असतो. पाण्याशी सोडियमाची तीव्र विक्रिया होत असल्याने अशी आग पाण्याने विझवता येत नाही.

यांपैकी केबलींची आग विशेष घातक असते. एका केंद्रात शेकडो किलोमीटर लांबीच्या केबली असतात व नियंत्रण कक्षाखालील केबल कक्षात त्या एकत्र येतात. तेथील लहानशा आगीनेही इमारतीच्या दूरच्या भागांतील यंत्रे बंद पडू शकतात, अथवा तारा एकमेकींना चिकटल्यामुळे झडपा आपोआप उघडतात किंवा मिटतात आणि मापक खोट्या नोंदी दाखवू लागतात. पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे आवरण जळताना दाट काळा धूर व हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. त्याच केबलींवर दिवे व वायुवीजनाचे पंखे अवलंबून असल्यास धूर आणि काळोख बरोबरच येतात.

संरक्षणाचे स्तर : आगनिवारणाची मांडणी एकामागोमाग एक अशा तीन स्तरांत केलेली असते : (१) आग लागूच न देणे, (२) लागल्यास ती लवकर ओळखून, आवरून विझविणे, (३) ती विझली नाही, तरी विक्रियक सुरक्षित रीतीने बंद करण्याच्या कार्यात अडथळा येऊ न देणे. पहिल्या स्तरात ज्वालाग्राही द्रव्यांचा साठा मर्यादित ठेवणे, ज्वाला न पसरविणाऱ्या केबली वापरणे व वितळजोडकामास लेखी परवाना आवश्यक करणे यांचा समावेश होतो. दुसऱ्यात धूर व उष्णता यांचे अभिज्ञातक, स्वयंचलित जलफवारे, कार्बन डाय-ऑक्साइड वायूची यंत्रणा आणि केंद्राचे स्वत:चे अग्निशामक पथक ही साधने येतात. तिसरा स्तर हा अणुवीज केंद्राचा खास विशेष होय. इतर कारखान्यांत आग विझली की बहुतेक प्रश्न संपतो. येथे मात्र आग चालू असताना काय टिकून राहिले, याला अधिक महत्त्व असते.

ब्राउन्स फेरी येथील आग : तिसऱ्या स्तराचे महत्त्व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबॅमा राज्यात टेनेसी नदीकाठी असलेल्या ब्राउन्स फेरी केंद्रातील आगीने प्रथम स्पष्ट झाले. २२ मार्च १९७५ रोजी केंद्राचे पहिले दोन घटक चालू होते व तिसऱ्याचे बांधकाम चालले होते. केबल कक्ष आणि पहिल्या घटकाची विक्रियक इमारत यांमधील भिंतीत केबलींसाठी ठेवलेली भोके पॉलियुरेथेनाच्या फेसाळ प्लॅस्टिकाने बुजविण्याचे काम चालू होते. हवा कोठून गळते हे पाहण्यासाठी कामगार पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरीत व ज्योत कशी हलते ते पाहत. दुपारी सु. १२·२० वाजता हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली व प्लॅस्टिकाने पेट घेतला. भिंतीपलीकडील दाब कमी असल्याने आग विक्रियक इमारतीत शिरली. त्याआधीही याच कामात किरकोळ आगी लागून विझविण्यात आल्या होत्या.

नियंत्रण कक्षाला वर्दी मिळेपर्यंत सु. पंधरा मिनिटे गेली. पहिला घटक १२·५१ वाजता व दुसरा १·०० वाजता हाताने बंद करण्यात आला. पुढील काळात सु. १,६०० केबलींची हानी झाली. त्यांपैकी सहाशेहून अधिक सुरक्षिततेशी निगडित यंत्रणांच्या होत्या. पहिल्या घटकाची आपत्कालीन शीतन यंत्रणा निकामी झाली. गाभ्यावरील पाण्याची पातळी इंधनाच्या माथ्यापासून नेहमी सु. ५ मी. उंच असे, ती सु. १·२ मी. पर्यंत उतरली. चालकांनी विक्रियकातील दाब कमी करून, मूळ वेगळ्याच कामासाठी असलेल्या पंपांनी पाणी पुरविले व गाभा झाकलेला राखला. विक्रियक इमारतीतील दिवे व वायुवीजन बंद पडल्याने हाताने झडपा फिरविण्यासाठी आत गेलेल्या कर्मचाऱ्यांना काळोख, धूर व श्वसन साधनांचा तुटवडा यांना तोंड द्यावे लागले आणि त्यांचे काही प्रयत्न फसले. वीज असलेल्या जागी पाणी वापरण्याच्या भीतीने बराच काळ कोरडी रसायने व कार्बन डाय-ऑक्साइड यांवरच भर देण्यात आला. वास्तविक, जवळच्या अथेन्स गावच्या अग्निशामक दलाच्या प्रमुखांनी पाणी वापरण्याचा सल्ला आधीच दिला होता. सायंकाळी पाणी मारल्यावर आग थोड्याच वेळात विझली. ती एकूण सु. सात तास जळत होती. कोणीही मृत्युमुखी पडले नाही व बाहेर धोकादायक किरणोत्सर्गही झाला नाही. तथापि दोन्ही घटक सु. दीड वर्ष बंद राहिले.

एकाला पर्याय म्हणून दुसरी यंत्रणा ठेवलेली होती. परंतु दोघींच्या केबली जवळजवळ असल्याने एकाच आगीने दोन्ही निकामी होऊ शकल्या, हा या घटनेचा मुख्य निष्कर्ष होय. यंत्रांची संख्या दुप्पट केल्याने सुरक्षितता दुप्पट होतेच असे नाही. ती एकमेकांपासून दूर असणेही आवश्यक असते.

नियम : अमेरिकेच्या अणुकेंद्रीय नियामक आयोगाने नोव्हेंबर १९८० मध्ये आगनिवारणाचे सविस्तर नियम प्रसिद्ध केले व ते फेब्रुवारी १९८१ मध्ये अंमलात आले. संघीय नियमसंहितेच्या दहाव्या खंडातील ५० व्या भागाला जोडलेल्या ‘आर’ परिशिष्टात ते असून १९७९ च्या आरंभापूर्वी चालू झालेल्या केंद्रांसाठी ते तयार करण्यात आले. त्यांतील काही कलमे जुन्या केंद्रांनाही सरसकट लागू करण्यात आली. विक्रियक बंद करण्याच्या दोन पर्यायी यंत्रणांपैकी एक तरी आगीपासून मुक्त राहावी, ही त्यांतील मुख्य अट होय. त्यासाठी पुढीलपैकी एक उपाय योजावयाचा असतो : (१) दोन यंत्रणांमध्ये तीन तास आगीत टिकणारा अडसर, (२) दोहोंत निदान २० फूट (सु. ६·१ मी.) आडवे अंतर, मधल्या जागेत कोणतेही ज्वालाग्राही द्रव्य नसणे, तसेच अभिज्ञातक व स्वयंचलित अग्निशामक यंत्रणा, (३) एका यंत्रणेभोवती एक तास टिकणारे आवरण आणि त्याच्या जोडीला अभिज्ञातक व स्वयंचलित अग्निशामक यंत्रणा.

जेथे यांपैकी काहीच शक्य नसेल, तेथे त्या भागापासून स्वतंत्र अशी पर्यायी व्यवस्था करून विक्रियक ७२ तासांत थंड अवस्थेत आणता आला पाहिजे. प्रत्येक पाळीत निदान पाच जणांचे अग्निशामक पथक असावे, भिंतींतील केबलींच्या भोकांची बुजवण प्रत्यक्ष आगीच्या चाचणीत टिकलेली असावी आणि शीतक पंपांतून गळणारे तेल गोळा करण्याची सोय असावी, अशाही तरतुदी त्यांत आहेत.

प्रकाशव्यवस्थेविषयीचे कलम अगदी थोडक्यात आहे. विक्रियक सुरक्षित रीतीने बंद करणारी सामग्री जेथे हाताळावी लागते अशा सर्व जागी आणि तेथे जाण्यायेण्याच्या वाटांवर, निदान आठ तास पुरेल अशा विद्युत् घटमालेवरील आपत्कालीन दिवे असले पाहिजेत, असे ते सांगते. सर्वसाधारण इमारतीतील दीड तास आणि येथील आठ तास या दोन आकड्यांत बाहेर पडणे व आत थांबणे यांमधील फरक दिसून येतो. शिवाय या कलमात ‘जाण्याच्या’ वाटेचाही उल्लेख आहे. इतर इमारतींच्या नियमांत केवळ बाहेर जाण्याच्या वाटेचा विचार असतो.

आपत्कालीन दिव्यांची रचना : मोठ्या वीज केंद्रात प्रकाशाचे सामान्यत: चार प्रकार असतात. नेहमीचे दिवे प्रत्यावर्ती विद्युत् पुरवठ्यावर चालतात. त्यांपैकी काही दिवे पुरवठा तुटल्यावर डीझेल जनित्रांवर घेतले जातात. नियंत्रण कक्षासारख्या जागी केंद्राच्या मध्यवर्ती घटमालेतून एकदिश प्रवाहावर चालणारे दिवे असतात. चौथा प्रकार स्वयंपूर्ण दिव्यांचा होय. यात दिवा, घटमाला, तिला विद्युत् भारित करणारे साधन व पुरवठा तुटल्याबरोबर दिवा लावणारा स्विच एकाच पेटीत असतात. पहिल्या तिन्ही प्रकारांत दिव्यापर्यंत केबल यावी लागते आणि ती केबल आगीत सापडू शकते. स्वयंपूर्ण दिव्याचा पुरवठा त्याच्याजवळच असल्याने दुसऱ्या खोलीतील आगीचा त्यावर परिणाम होत नाही. या कारणाने आठ तासांच्या नियमासाठी याच प्रकारचे दिवे मुख्यत्वे वापरण्यात आले.

दिव्यांची जागा ठरविताना प्रथम आगीच्या वेळी कोणत्या कर्मचाऱ्याने कोठे जाऊन काय करावयाचे याची यादी करतात. मग त्या क्रमाने वाट चालून प्रत्येक जिना, वळण, दार, स्विचफलक, झडपेचे चाक व मापकाची तबकडी यांवर प्रकाश पडतो की नाही ते नेहमीचे दिवे मालवून तपासतात. वाटेवर ठेच लागू नये एवढा प्रकाश पुरतो. सर्वसाधारण इमारतींसाठी वर उल्लेखिलेल्या जीवितसुरक्षा संहितेत आरंभी सरासरी १०·८ लक्स व कोणत्याही बिंदूवर निदान १·१ लक्स एवढा प्रकाश सांगितला आहे. मापकावरील आकडे वाचण्यास अथवा झडपेवरील नावपट्टी ओळखण्यास मात्र त्या जागी रोखलेला झोत असणे सोयीचे असते. धूर छताखाली साचत खाली उतरत असल्याने फार उंचावरील दिवे आधी झाकले जातात, हेही ध्यानात घ्यावे लागते. हातातील विजेऱ्या व शिरस्त्राणावरील दिवे पूरक म्हणून ठेवतात. परंतु झडपेचे जड चाक फिरविण्यास दोन्ही हात लागतात व शिडी चढतानाही हात मोकळे असावे लागतात, त्यामुळे विजेरी ही कायम बसविलेल्या दिव्याची पूर्ण जागा घेऊ शकत नाही.

घटमाला शिसे-अम्ल किंवा निकेल-कॅडमियम प्रकारच्या असतात. वयोमानाने व उष्णतेने त्यांची धारणक्षमता घटते. अतिथंड जागीही ती कमी मिळते. दिवा लागतो एवढ्यावरून तो आठ तास टिकेल असे म्हणता येत नाही. म्हणून ठराविक काळाने थोडा वेळ दिवा लावून पाहण्याबरोबरच अधूनमधून पूर्ण मुदतीची चाचणीही घ्यावी लागते. दुरुस्तीच्या कामात धक्का लागून दिव्याचा रोख बदलणे, नवीन नळ वा मचाण आड येणे हे नेहमी आढळणारे दोष होत. प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) दिव्यांमुळे त्याच घटमालेतून पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक काळ प्रकाश मिळू शकतो.

नियम व व्यवहार : कागदावरील नियम प्रत्यक्षात उतरविणे सोपे गेले नाही. १९८० पूर्वी बांधलेल्या इमारतींत २० फूट अंतर निर्माण करणे पुष्कळदा अशक्य होते. त्यामुळे अनेक केंद्रांनी विशिष्ट ठिकाणांपुरती सूट मागून घेतली. केबलींभोवती गुंडाळण्यासाठी सर्रास वापरले गेलेले एक अग्निरोधक द्रव्य सांगितलेला काळ टिकत नाही, असे चाचण्यांत दिसून आल्याने १९९२ मध्ये नियामक आयोगाला केंद्रांना इशारा द्यावा लागला. २००४ पासून केंद्रांना दुसरा मार्गही खुला करण्यात आला. त्यात ठराविक अंतरे व तास यांऐवजी प्रत्येक जागेतील आगीची शक्यता व परिणाम यांचे गणित मांडून उपाय ठरविले जातात. ही पद्धत अधिक लवचिक असली, तरी तिची भिस्त आधारभूत माहितीच्या अचूकतेवर असते.

इतर देशांतील अनुभव : तत्कालीन पूर्व जर्मनीतील ग्राइफ्सव्हाल्ट येथे ७ डिसेंबर १९७५ रोजी मंडलसंक्षेपामुळे (शॉर्ट सर्किटमुळे) केबलींना आग लागून पाणी पुरविणाऱ्या पंपांची वीज गेली. स्पेनमधील व्हांदेयॉस येथे १९ ऑक्टोबर १९८९ रोजी टरबाइनाची पाती तुटून हायड्रोजन व तेल यांनी पेट घेतला. या केंद्राचा तो घटक पुन्हा चालू करण्यात आला नाही. जपानमधील फुकुशिमा दाइइची येथे ११ मार्च २०११ रोजी आलेल्या आपत्तीचे मूळ आगीत नसून भूकंप व त्सुनामी यांत होते. तरीही प्रकाशाच्या दृष्टीने ती उद्बोधक आहे. डीझेल जनित्रे व पुष्कळशा घटमाला पाण्याखाली गेल्याने पहिल्या दोन घटकांच्या सामाईक नियंत्रण कक्षातील मापक बंद पडले. चालकांना विजेरीच्या उजेडात काम करावे लागले आणि मोटारगाड्यांतील घटमाला जोडून काही नोंदी मिळवाव्या लागल्या. काही तासांची मुदत धरून केलेली तयारी अनेक दिवस चालणाऱ्या संकटात अपुरी पडते, हे त्यावरून दिसून आले. नव्या रचनांत मुळातच विलगीकरणावर भर असतो, उदा., यूरोपीय दाबजल विक्रियकात सुरक्षा यंत्रणेचे चार संच चार वेगळ्या विभागांत ठेवलेले असतात.

भारत : भारतातील या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा अनुभव उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्राचा होय. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या घटकाच्या टरबाइनाच्या कमी दाबाच्या भागातील दोन पाती धातूच्या शिणवट्याने तुटली. त्यामुळे निर्माण झालेल्या असमतोलाने यंत्राला प्रचंड हादरे बसून जनित्रातील हायड्रोजन व वंगण तेल बाहेर पडले व पेटले. चालकांनी सु. ३९ सेकंदांत विक्रियक बंद केला व तो वेगाने थंड करण्यास आरंभ केला. परंतु आग केबलींच्या मार्गाने पसरली. मुख्य व पर्यायी पुरवठ्याच्या केबली पुरेशा अग्निरोधक अडसराविना जवळजवळ असल्याने केंद्राची सर्व वीज गेली व ती सु. १७ तास आली नाही. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तोही सोडावा लागला. अशा स्थितीत डीझेल एंजिनावर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी वाफ जनित्रांना पाणी पुरविण्यात आले. हे पंप विजेवर अवलंबून नव्हते, म्हणूनच उपयोगी पडले. विक्रियक पुन्हा क्रियाशील होऊ नये म्हणून कर्मचारी विजेऱ्या घेऊन काळोखात वर चढले आणि बोरॉनयुक्त द्रव गुरुत्वाकर्षणाने आत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. गाभ्याची हानी झाली नाही व किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडली नाहीत. सुरक्षिततेच्या तरतुदींचा झालेला ऱ्हास विचारात घेऊन आंतरराष्ट्रीय अणुकेंद्रीय घटना श्रेणीत ही घटना तिसऱ्या पातळीची गणण्यात आली. ब्राउन्स फेरीनंतर अठरा वर्षांनी तोच धडा येथे पुन्हा मिळाला.

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या व मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेने या घटनेनंतर टरबाइनाच्या पातींची तपासणी, केबलींचे विलगीकरण व अग्निरोधक अडसर यांबाबत सुधारणा करवून घेतल्या आणि १९९६ मध्ये अणुकेंद्रीय सुविधांच्या आगनिवारण यंत्रणांचे मानक प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील तारापूर येथील पहिले दोन घटक १९६९ मध्ये, म्हणजे ब्राउन्स फेरीच्याही आधी, कार्यान्वित झाले. ते त्याच उकळते पाणी प्रकारचे असून त्यांच्या पुष्कळशा यंत्रणा सामाईक होत्या. २००५-०६ मधील नूतनीकरणात त्या प्रत्येक घटकासाठी विलग करण्यात आल्या, अधिक क्षमतेची डीझेल जनित्रे बसविण्यात आली व नियंत्रण कक्ष सोडावा लागल्यास उपयोगी पडेल असा पूरक नियंत्रण कक्ष उभारण्यात आला. फुकुशिमानंतर भारतीय केंद्रांत बाहेरून पाणी जोडण्याच्या सोयी व हलविता येण्याजोगी डीझेल जनित्रे यांची भर पडली.

यंत्रे आपोआप चालतील अशी व्यवस्था कितीही पूर्ण केली, तरी ब्राउन्स फेरी, नरोरा व फुकुशिमा या तिन्ही ठिकाणी अखेरची कामे माणसांना हातांनीच करावी लागली. ती करण्यास लागणारी वाट, हवा व प्रकाश टिकवून ठेवणे हे या सर्व नियमांचे प्रयोजन होय.